मंजुळेविषयीचा अहवाल

शनिवार, दिनांक २४ नोव्हेंबर १९७९ रोजी, म्हणजे चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, नीरा नदीच्या दक्षिणेकडील माळावर वसलेल्या आमच्या निवासी विद्यालयाच्या पागेत मी उपस्थित होतो. माझ्यासमोर तिघे होते : अश्वारोहणाचे शिक्षक दफेदार रंगराव खर्डेकर, मोतद्दार ईश्वरा मदने, आणि जिच्या वर्तनाची चौकशी माझ्याकडे सोपवण्यात आली होती ती मंजुळा नावाची सात वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस रंगाची, घोडी.

मी त्या विद्यालयात मराठी शिकवीत असे. घोड्यांशी माझा संबंध संचलनाच्या दिवशी दुरून टाळ्या वाजवण्यापुरताच होता. परंतु विद्यालयाचे जनावर विकावयाचे झाल्यास त्या विभागाबाहेरच्या एका शिक्षकाचा लेखी अभिप्राय लागे, आणि प्राचार्यांनी त्या कामी माझी निवड केली. “टिपणीस, तुम्ही एकदा लिहिलेत की त्यावर कोणी वाद घालत नाही,” असे त्यांनी कारण दिले. वास्तविक वाद घालणारे थकून जात, हे त्याहून खरे होते.

मंजुळेवरील आरोप साधा होता. पाच वर्षे ती गाईसारखी गरीब होती. नवशिक्या मुलांना प्रथम तिच्याच पाठीवर बसवीत. त्यानंतर दसऱ्याच्या संचलनात, पाहुण्यांच्या देखत, तिने खुद्द दफेदारसाहेबांना खाली पाडले. पुढच्या सात आठवड्यांत तिने आणखी चौघांना पाडले आणि त्यातील एका विद्यार्थ्याचे मनगट मोडले. व्यवस्थापनाने तिला काढून टाकण्याचे ठरवले. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो. तिला तिकडे नेण्यासाठी सोमवारी सकाळी ट्रक येणार होता. खोगीर न सोसणाऱ्या घोडीला तिथे कोण घेईल आणि कशाला जुंपील, हे कोणी बोलून दाखवत नव्हते.

माझा अहवाल चौदा पानांचा होता आणि शुक्रवारीच पूर्ण झाला होता. मी सर्वांचे जबाब घेतले होते, पागेची नोंदवही वाचली होती, आणि घोडी ‘स्वभावतः दुःशील व श्रमविन्मुख’ आहे असा निष्कर्ष काढला होता. केवळ एका वाक्यामुळे स्वाक्षरी अडली होती. ‘प्रस्तुत वर्तन मी समक्ष अवलोकन केले आहे’ असे मी लिहून गेलो होतो, आणि ते खरे नव्हते. न पाहता ‘पाहिले’ असे लिहिणे माझ्या लेखणीला जमत नसे. म्हणून मी पागेत गेलो, तो ते वाक्य खरे करण्यासाठी. निर्णय बदलण्याचा विचार माझ्या मनातही नव्हता.

“या, सर,” दफेदारसाहेब म्हणाले. साठीला पोहोचलेला हा गृहस्थ पिळदार मिशा आणि इस्त्रीची विजार यांच्यात अजून फौजेतच राहत होता. “पण लंगडताय का?”

“काही नाही. वहाण नवी आहे.”

“ईश्वरा, खोगीर चढव. सरांना बाईसाहेबांचा नाच दाखवू.”

ईश्वरा भिंतीकडे वळला. तो पन्नाशीचा, सडपातळ, मितभाषी माणूस होता. मंजुळा त्याच्याच हातांवर जन्मली होती, आणि तिची आई ती महिन्याची असतानाच गेल्यामुळे ती त्याच्याच हातून दूध प्यालेली होती. ‘दुखतंय तिला’ या दोन शब्दांत त्याचा सबंध जबाब आटोपला होता. काय दुखते, कोठे, कशावरून, असे मी तीन वेळा विचारले, तेव्हा तो तिन्ही वेळा जमिनीकडे पाहत राहिला होता. पुराव्यावाचून केलेले विधान म्हणून ते मी अहवालात तळटिपेत टाकले होते.

त्याने भिंतीवरच्या खुंटीवरून नमदा काढला. खोगीर पाठीला घासू नये म्हणून त्याखाली जी जाड लोकरीची गादी घालतात तिला नमदा म्हणतात, हे मी तोवर शिकलो होतो. नमदा उचलण्यापूर्वी ईश्वराने पायांतील वहाणा काढून बाजूला सारल्या. शेणामुतात अनवाणी कशाला उभा राहतो, असे माझ्या मनात येऊन गेले. पण गरिबाच्या सवयींची चौकशी करणे माझ्या अधिकारात नव्हते.

नमदा पाठीवर पडताच मंजुळेचे कान मागे गेले. खोगीर ठेवले तेव्हा तिच्या डाव्या खांद्यावरची कातडी, माशी बसावी तशी, थरथरली. ईश्वराने पोटाखालचा तंग आवळावयास घेतला, तशी तिने मान वळवून त्याच्या दंडाचा चावा घेण्याचा प्रयत्न केला.

“पाहिलंत? ज्यानं वाढवलं त्यालाच चावते,” दफेदार म्हणाले.

“ती चावली न्हाई साहेब. नुसतं दात लावलं.”

“लाडावून ठेवलंस तू तिला, ईश्वरा. फौजेत असतीस तर...” हे शेवटचे घोडीला उद्देशून होते. त्यांनी रिकिबीत पाय घातला आणि वयाला न शोभणाऱ्या सफाईने मांड ठोकली.

पहिल्या दहा पावलांत काही झाले नाही. मग त्यांनी लगाम डावीकडे घेतला. मंजुळेने शेपटीचा फटकारा मारला, पाठ कमानीसारखी वर उचलली, मान खाली घातली आणि चारही पाय एकदम जमिनीवरून सोडले. दफेदारसाहेब दोन उड्या टिकले. तिसरीला ते वैरणीच्या ढिगाऱ्यात पडले, आणि तो ढिगारा तिथे योगायोगाने नव्हता असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

“लिहा!” काडीकचरा झटकत ते ओरडले. “समक्ष अवलोकन झालं?”

“झाले.”

“मग करा सही.”

मी खिशातून लेखणी काढली. ईश्वरा घोडीचा लगाम धरून उभा होता. त्याने एकदम म्हटले, “सर, दुखतंय तिला. देवाशपथ.”

येथे मी जे उत्तर दिले ते शब्दशः सांगतो, कारण त्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता. “ईश्वरा, वेदना घड्याळ पाहून येत नाही. ही तबेल्यात शांत असते, दाणा पोटभर खाते, मोकळी सोडली की माळावर दौडते. पाठीवर काम पडले की तेवढ्यापुरतीच बिथरते. वेदना असती तर ती चोवीस तास असती. जी कामाच्या वेळीच उद्भवते तिला वेदना म्हणत नाहीत, कामचुकारपणा म्हणतात. इयत्ता नववीत अशी चौदा उदाहरणे माझ्या परिचयाची आहेत.”

“वा!” दफेदार म्हणाले.

 ईश्वराने घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. डोक्यावर पदर, कमरेला खोचलेला ओचा, आणि चाल अशी की जनावरेही वाट देतील. ईश्वराची पत्नी तानूबाई वसतिगृहाच्या भोजनगृहात भाकऱ्या करीत असे. दोनशे मुले आणि सर्व शिक्षक तिला वचकून होते.

“हाईत का हितं आमचं धनी? हाईत.” ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “अवं, म्या सोनाराकडं जाऊन आले.”

ईश्वराचा चेहरा उतरला. “आत्ता? हितं सर हाईत, साहेब हाईत...”

“असू द्यात की. बरं झालं, साक्षीला हाईत.” ती आमच्याकडे वळली. “सर, तुम्ही शिकलेलं मानूस. तुम्हीच सांगा. उद्या चंपाषष्ठी. पाच दिस झालं घट बसून, आनि घटावर आमचा खंडोबा न्हाई! सासूबाईंच्या सासूपासनं चालत आलेला चांदीचा टाक. इचारलं तर म्हनं, उजळायला दिलाय. खंडेनवमीपास्नं उजळतोय! आज सोनाराला गाठलं, तर त्यो म्हनतो, तानाक्का, मी तुमचा टाक डोळ्यांनी पाह्यलेला न्हाई.”

टाक म्हणजे देव्हाऱ्यात पूजावयाचा, देवाची मूर्ती ठोकून उमटवलेला धातूचा लहानसा पत्रा. खंडोबाच्या टाकावर तो घोड्यावर बसलेला असतो.

“ईकला का? ईकलाच असंल,” तानूबाई म्हणाली.

“ए, काय बी बोलू नगंस,” ईश्वरा कळवळून म्हणाला. “द्येव ईकीन का मी?”

“मग कुठाय?”

“हाय.”

“हाय म्हंजी कुठं?”

“हाय चांगल्या जागी.”

“बाई, तुमच्या घरचा वाद घरी घाला,” दफेदारांनी मध्ये तोंड घातले. “इथं सरकारी काम चाललंय.”

“घालीन की. घरी सापडलं तर घालीन. ह्ये घोडीच्या दावणीलाच ऱ्हातंय, निजाया बी हितंच.” तिची नजर माझ्या पायाकडे गेली आणि स्वर पालटला. “सर, डावा पाय का उचलून धरलाय?”

“नवी वहाण चावते, तानूबाई. अंगठ्याशी.”

“आगं बया. कातडं सोललं असंल. मंग रात्री डोळा बी लागत न्हाई का?”

“छे, छे. घरी पायातून काढली की काहीच जाणवत नाही. पायात घातली, चार पावले टाकली, की...”

आणि माझे वाक्य तिथेच थांबले.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाद घातले आहेत आणि, नम्रपणे सांगतो, बहुतेक जिंकले आहेत. परंतु माझा प्रतिपक्ष माझ्याच पायात निघाल्याचा तो एकमेव प्रसंग. त्या दिवशी सकाळी मी आठवीच्या वर्गात एका मुलाला फळ्यापाशी उभे करून क्षुल्लक चुकीसाठी इतके झापले होते की त्याला रडू आले. ती वहाण घालून मी चार तास उभा होतो. संध्याकाळी अनवाणी अंगणात बसलो असताना तोच मुलगा मला अत्यंत गुणी वाटला असता.

“सर?” दफेदार म्हणाले. “सही?”

“थांबा,” मी म्हणालो. “दफेदारसाहेब, एक प्रयोग करू. खोगीर उतरवून या घोडीवर बसाल?”

“उघड्या पाठीवर? मी? या वयात?”

“भीती वाटत असेल तर...”

हा युक्तिवाद न्याय्य नव्हता, हे मी मान्य करतो. पण तो लागू पडला. खोगीर आणि नमदा उतरले. ईश्वराने नमदा तत्परतेने उचलून छातीशी धरला. दफेदारसाहेब त्याच्या गुडघ्यावर पाय देऊन वर चढले आणि मिशा सावरून बसले. मंजुळा चालली. डावीकडे वळली. उजवीकडे वळली. त्यांनी टाच दिली तेव्हा दुडकी धावली, आणि कान पुढे करून माझ्याकडे आली व माझ्या हातातील अहवालाची कड चघळू लागली.

“हे काय गौडबंगाल?” दफेदार वरूनच म्हणाले.

“स्वार तोच. घोडी तीच. वेळ कामाचीच. मग कामचुकारपणा कोठे गेला?” मी स्वतःलाच विचारल्यासारखे विचारले. “आता नोंदवहीचा विचार करा. पाच वर्षांत हिच्याविरुद्ध एक ओळ नाही. पहिली तक्रार दसऱ्याची. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मुले हिच्यावर बसत होती. तर मग आदल्या दिवशी काय झाले?”

“आदल्या दिवशी काय होणार? खंडेनवमी. खोगिरं, लगाम, तलवारी धुतल्या, पुजल्या. दरवर्षीचंच.”

“पूजा कोणी केली?”

“ईश्वरानं. दरवर्षी तोच करतो.”

मी ईश्वराकडे पाहिले. त्याने नमदा आणखी घट्ट धरला होता.

“दे इकडे,” मी हात पुढे केला.

तो एक पाऊल मागे सरला. “नगा, सर. हात लावू नगा त्याला.”

“का?”

“पायात वहाणा हाईत तुमच्या.”

 घोड्याच्या पाठीवरची घामट गादी हाती घेण्यासाठी वहाणा काढाव्या लागतात, असे कोणत्याही शास्त्रात मी वाचले नव्हते. ईश्वरा मात्र आमच्यासमोर त्या काढूनच तिच्याजवळ गेला होता. मी हे सर्व जुळवीत होतो, तोवर तानूबाईचे जुळूनही गेले होते.

“अवं,” ती अगदी हळू म्हणाली. “द्येव कुठाय?”

ईश्वरा नमदा मांडीवर घेऊन खाली बसला.

मी वहाणा काढल्या. हे विधी म्हणून नव्हे, त्याचे मन राखावे म्हणून केले. आणि पायाला जे सुख झाले त्याने माझा तर्क अधिकच पक्का झाला. त्याच्या मांडीवरच्या नमद्यावरून मी तळहात फिरवला. वरची बाजू सपाट होती. खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून चार बोटे आत, डावीकडे, लोकरीच्या दोन थरांमध्ये काहीतरी कठीण लागले. तो थर सुबक, बारीक टाक्यांनी पुन्हा शिवलेला होता.

तानूबाईने कनवटीची सुरी काढून टाके उसवले. आतून सुपारीहून थोडा मोठा असा चांदीचा टाक निघाला. घोड्यावर बसलेला खंडोबा, हाती खड्ग. आणि त्या पत्र्याची एक कड वाकून धारेसारखी उभी राहिलेली.

दफेदारसाहेब केव्हा खाली उतरले ते कळले नाही. त्यांनी मंजुळेच्या पाठीवर, आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या डाव्या अंगाला, अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला. तिची पाठ एकदम खाली गेली, जशी कोणी खाली ओढावी. त्या जागी तांदळाच्या चार दाण्यांएवढे केस पांढरे झाले होते. मी ते केस बोटाने बाजूला केले. खाली टाकाच्या कडेएवढी एक कडक गाठ होती.

“सांग,” मी ईश्वराला म्हणालो.

तो सांगू लागला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही; घोडीला सांगत असावा तसे सांगितले.

“श्रावणात पलीकडच्या गावचा एक म्हातारा सौदागर आला हुता. त्यानं हिच्या पाठीवर हात फिरवला, आनि म्हनला, पोरा, खोगिराखाली गोम हाय हिच्या. केसांचा उलटा भोवरा. ही बसनाऱ्याला तरी खाईल, न्हाईतर सोता तरी जाईल. मी कुनाला बोललो न्हाई. बोललो असतो तर तवाच ईकलं असतं हिला. मग म्हनलं, खंडोबा घोड्यावरचा द्येव. त्यालाच गोमीवर बसवला तर गोम काय करील? खंडेनवमीला शिवला.”

“आणि दसऱ्याला तिनं मला पाडलं,” दफेदार म्हणाले.

“तवा मला वाटलं, गोम जागी झाली. तिथं दुखाया लागलं तिला, त्ये मला कळत हुतं, साहेब. हात लावला की दबायची. तिथलं केस बी पिकलं. मी हळद लावली, तेल लावलं. मग म्हनलं, द्येव सैल बसला असंल. म्हनून पुन्ना उसवून...” त्याने उसवलेल्या नमद्यावर हात ठेवला. “पुन्ना घट्ट शिवला.”

 तिला दुखते आहे हे आम्हा तिघांत एकट्या ईश्वरालाच कळले होते, आणि दुखवणारा हातही त्याचाच होता. माझ्या चौदा पानांत या दोन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

“माझं नाव लिवा, सर,” तो म्हणाला. “नोकरी गेली तर जाऊ द्या. त्या पोराचं मनगट माझ्यामुळं मोडलं. पन घोडीला गाडीत घालू नगा.”

“तुझं नाव कसलं लिहायचं?” दफेदार खेकसले. त्यांचा राग ईश्वरावर नव्हता, हे मला थोडे उशिरा कळले. “फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात : खोगीर चढवण्यापूर्वी स्वारानं नमद्यावरून आपला हात फिरवायचा. वरून नव्हे, खालून. मोतद्दारानं नव्हे, स्वारानं. मीच पोरांना बत्तीस वर्षं हे शिकवतोय. आणि मी स्वतः हात फिरवला नाही. का? तर ईश्वरा फिरवतो. आणि घोडी बिघडली तेव्हा तिचा दाणा कमी केला, काम वाढवलं. दीडपट!” त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. “माझं नाव लिहा.”

“माझे नाव मात्र अगोदरच लिहिलेले आहे,” मी म्हणालो. “चौदाव्या पानावर, स्वाक्षरीच्या जागी, पेन्सिलीने.”

“मग आता?”

“आता काही नाही. अहवाल घोडीविषयी मागवला आहे. मोतद्दाराविषयी किंवा दफेदाराविषयी मागवलेला नाही.”

तानूबाई टाक पदराने पुसत होती. लोकरीचे तंतू आणि मंजुळेचे दोन तांबूस केस त्याला चिकटले होते. मला वाटले, आता ही नवऱ्याला फाडून खाणार. तिने टाक डोळ्यांशी नेला, वाकलेली कड बोटाने चाचपली, आणि एकाएकी तिला हसू फुटले. “आगं माझे बया. दोन म्हैनं द्येवाला खोगिराखाली कोंबला व्हय? त्यो वर बसनारा द्येव. त्येला खाली घातला तर घोडी उधळंल न्हाई तर काय करील?”

ईश्वराने प्रथमच मान वर केली.

“उठा आता. भट्टी पेटवायचीय, वांगी भाजायचीत. सर, साहेब, उद्या दोघंबी या भरीत-रोडग्याला. आनि सर...” ती माझ्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या वहाणंला रातभर तेलात ठिवा. न्हाईतर पोरं बोलनी खात्यात.”

आठवीच्या वर्गातली ती बातमी भोजनगृहापर्यंत पोहोचली होती तर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. घटावर खंडोबा होता, चिंचेने उजळलेला, एका कडेला किंचित वाकडा. सोनाराने कड सरळ करून देण्याची तयारी दाखवली होती, पण तानूबाईने नको म्हटले. भरीत तिखट होते. दफेदारसाहेबांनी तीन रोडगे खाल्ले आणि गोम, भोवरे, शुभलक्षणे व अशुभलक्षणे यांवर माझ्याशी दोन तास वाद घातला. पहिल्या तासात ते गोमीच्या बाजूने होते, दुसऱ्यात विरोधात. दोन्ही तास मी त्यांच्या विरुद्ध होतो. ईश्वरा मधूनच उठून पागेकडे जाऊन येत होता.

सोमवारी ट्रक रिकामा परत गेला. प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. “अहवाल कोठे आहे?”

“अपुरा आहे. पुराव्यासाठी दोन महिन्यांचा अवधी लागेल.”

“चौदा पाने झाली होती असे ऐकले.”

“ती मी काढून घेतली. त्यांत फक्त भाषा बरी होती.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. तीस वर्षांत माझ्या भाषेला मीच ‘बरी’ म्हटल्याचे त्यांनी ऐकले नसावे. अवधी मिळाला.

ते दोन महिने मंजुळेच्या पाठीवर काहीही ठेवले गेले नाही. ईश्वरा तिला रोज सकाळी ओढ्यापर्यंत नुसती चालवत नेई आणि गाठीवर कोमट पाण्याचा शेक देई. तालुक्याहून पशुवैद्य आले, त्यांनी गाठ पाहिली व मलम दिले. जाताना त्यांनी सांगितले, “चांगले जनावर अचानक वाईट झाले की आधी त्याच्या पाठीवर, तोंडात आणि खुरांत पाहत जा, स्वभाव शेवटी.” मी ते वाक्य लिहून घेतले. त्याची रचना निर्दोष होती.

गाठ ओसरली. पांढरे केस मात्र राहिले. ते ती जिवंत होती तोवर, म्हणजे आणखी सोळा वर्षे, तसेच होते. गोमही तिथेच होती. मनगट मोडलेला मुलगा त्या उन्हाळ्यात तिच्यावरच दौड शिकला. आता तो कुठल्याशा पलटणीत मोठा अधिकारी आहे आणि नमद्याखाली हात फिरवल्यावाचून कोणालाही स्वार होऊ देत नाही, असे ऐकतो.

परंतु अभिप्रायाचा दिवस सांगावयाचा राहिला. तो फेब्रुवारीचा पहिला रविवार होता. ऊन कोवळे होते. मी जुन्या, मऊ झालेल्या वहाणा घालून मैदानाच्या कडेला उभा होतो. हातात एकच कोरा कागद होता. ईश्वराने नवा नमदा आणला. दफेदारसाहेबांनी तो त्याच्याकडून घेतला, उलटा केला, आणि आपला तळहात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश, दोनदा फिरवला. मग मला म्हणाले, “तुम्हीही फिरवा.” मी फिरवला. मग ईश्वराने फिरवला. तानूबाई भोजनगृहाच्या दारातून ओरडली, “माझा बी हात लावू का?”

खोगीर चढले. तंग आवळताना मंजुळेने मान वळवली, ईश्वराच्या सदऱ्याच्या खिशात नाक घातले आणि गुळाचा खडा काढून घेतला. दफेदारसाहेब वर बसले. चाल, दुडकी, मग डावीकडचे वळण.  ती वळली. त्यांनी लगाम सैल सोडला आणि ती मैदानाच्या कडेकडेने अशी दौडत गेली की माळावरच्या धुळीची एक लांब, सरळ रेघ मागे राहिली.

परत आल्यावर ते उतरले, धापा टाकत होते. त्यांनी तिची पाठ पाहिली, खोगिराच्या जागेवरचा घाम दोन्ही अंगांना सारखा आहे हे बोट फिरवून तपासले, आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले. ईश्वरा लगाम धरून होता, पण तो आमच्याकडे पाहत नव्हता.

मी लेखणी उघडली. “अभिप्राय काय लिहू?”

“थोडक्यात लिहाल?”

“प्रयत्न करीन.”

“मग एवढंच लिहा,” दफेदार रंगराव खर्डेकर म्हणाले. “घोडी बरोबर होती.”